ताळा जुळला, पण कुणाचा?

शंकेखोर : गोव्यात माडाची सूर उघड्या भांड्यात राहिली की ती आधी चढते, मग आंबते, आणि काही आठवड्यांत तिचं व्हिनेगर होतं. जिवाणू अ‍ॅसेटिक आम्ल करतात ही स्वयंपाकघरालाही माहीत असलेली गोष्ट. तिच्यासाठी तुम्ही नायट्रोजनचे सिलिंडर, तापलेल्या तांब्याची नळी, जाड रबरी बुचं आणि आयुष्याची वीस वर्षं खर्ची घातलीत. माझी त्याला हरकत नाही, नाद कुणाला नसतो! पण तुम्ही म्हणता की हा जिवाणू एकटा, शुद्ध, बाटलीत मिळाल्याशिवाय त्याच्याबद्दल काही कळतच नाही. ते मला पटत नाही. आज मूठभर गाळातला सगळा डीएनए एका दमात वाचता येतो. मग एकेकाला निवडायचं, पाळायचं, खाऊ घालायचं आणि मग विचारायचं, की बाबा, तू काय करतोस? हा द्राविडी प्राणायाम कशाला?

नादिष्ट : आधी सुरेचं मिटवू. सुरेतला जिवाणू आणि माझा जिवाणू यांच्यात ते एक आम्ल सोडलं तर काहीही सारखं नाही. सुरेतला हवेवर जगतो. अल्कोहोल आणि ऑक्सिजन मिळाला की त्याचं आम्ल करतो, आणि भांड्याला घट्ट झाकण लावलंत तर त्याचं काम थांबतं. माझे जिवाणू हवेच्या वाऱ्यालाही उभे राहत नाहीत. तळ्याच्या बुडाशी कुजक्या अंड्यासारखा वास येणारा काळा गाळ असतो, तिथे ते राहतात. गाईच्या पोटात, वाळवीच्या आतड्यात, गोबर गॅसच्या टाकीत, काही माणसांच्या मोठ्या आतड्यातही राहतात. त्यांना हायड्रोजनचे चार रेणू आणि कार्बन डायऑक्साइडचे दोन द्या, ते अ‍ॅसेटिक आम्लाचा एक रेणू करतात आणि पाण्याचे दोन. ज्याला आपण जळून संपलेला वायू म्हणतो, त्याच्यावर ते जगण्याची ऊर्जाही काढतात आणि शरीरही बांधतात. आणि त्यांना अ‍ॅसिटोजेन म्हणतात ते नुसतं आम्ल करतात म्हणून नव्हे. साखर मोडताना कचरा म्हणून अ‍ॅसिटेट टाकणारे जिवाणू पैशाला पासरी आहेत. एकेका कार्बनचे दोन तुकडे जोडून जो दोन कार्बनांचा अ‍ॅसिटिल गट घडवतो, तो अ‍ॅसिटोजेन. नाव मालावरून नाही, कृतीवरून पडलंय. आणि कृती बघायची तर करणारा एकटा समोर हवा. दहा जणींनी मिळून रांधलेल्या स्वयंपाकात आमटीला फोडणी कुणी दिली, हे ताट चाटून कळत नाही.

शंकेखोर : उलट, कृतीवरून नाव पडलं असेल तर माझंच काम सोपं झालं. कृती एन्झाइमं करतात, एन्झाइमांचे आराखडे जनुकांत असतात, आणि जनुकं मी वाचतो. करणारा समोर कशाला हवा? १९८५ साली स्टॅली आणि कोनोप्का यांनी एक जुनं दुखणं नीट मांडलं. पाण्याच्या नमुन्यात सूक्ष्मदर्शकाखाली जेवढे जिवाणू मोजता येतात, त्यांतले बहुतेक वेळा शंभरात एकही थाळीवर वाढत नाही. तुमची पद्धत म्हणजे गावाच्या शिरगणतीला निघायचं आणि हाकेला ओ देणाऱ्यांचीच नावं लिहून घ्यायची. उरलेले नव्व्याण्णव जण घरात बसलेत, आजारी आहेत की त्यांना तुमची भाषाच कळत नाही, याची चौकशी नाही. यादीवर मथळा मात्र 'संपूर्ण गाव'. मी निदान सगळ्यांच्या घरांवरच्या पाट्या तरी वाचतो.

नादिष्ट : पाट्या वाचता, पण त्या रंगवल्या कुणी? १९३६ साली हॉलंडमध्ये वाखेनिंगनला के. टी. विरिंगा यांनी चिखलातून एक जिवाणू वेगळा केला. तो हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइडवर वाढून अ‍ॅसेटिक आम्ल करत होता. त्याचं नाव क्लॉस्ट्रिडियम अ‍ॅसेटिकम. १९४२ साली अमेरिकेत विस्कॉन्सिनला फाँटेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घोड्याच्या लिदीतून दुसरा काढला, उष्णता आवडणारा क्लॉस्ट्रिडियम थर्मोअ‍ॅसेटिकम. हा ग्लुकोज खात होता, आणि त्याचा जमाखर्च विचित्र होता. ग्लुकोजच्या रेणूत सहा कार्बन. आंबवणारे अनेक जिवाणू त्यातून दोन कार्बनांचे दोन तुकडे काढतात आणि राहिलेले दोन कार्बन वायू होऊन उडतात. इथे एका ग्लुकोजमागे अडीचच्या आसपास अ‍ॅसिटेट निघत होतं, वायू जवळपास नव्हताच. पुरता हिशेब मांडला तर एकास तीन. मग उडून जायचे ते दोन कार्बन परत घरात कोणत्या दाराने आले?

आता यातली गंमत बघा. कार्बन-१४ हा किरणोत्सर्गी कार्बन रुबेन आणि केमेन यांना १९४० साली सापडला. १९४५ मध्ये बार्कर आणि केमेन यांनी तो ज्या पहिल्यावहिल्या जीवशास्त्रीय प्रश्नांवर वापरला, त्यांत हा लिदीतला जिवाणू होता. किरणोत्सर्गी कार्बन डायऑक्साइड दिला, तर खूण अ‍ॅसिटेटच्या दोन्ही कार्बनांवर उमटली. पण तेवढ्याने भागत नाही. एकाच रेणूच्या दोन्ही कार्बनांवर खूण आहे, की अर्ध्या रेणूंच्या डोक्यावर आणि अर्ध्यांच्या शेपटीवर? एकूण किरणोत्सर्ग दोन्हीकडे तेवढाच भरेल. १९५२ साली हार्लंड वुड यांनी जड पण किरणोत्सर्ग नसलेला कार्बन-१३ वापरला आणि रेणूंचं वजनच केलं. दोन्ही कार्बन जड असलेले रेणू मिळाले. म्हणजे वायूच्या दोन रेणूंपासून अख्खं अ‍ॅसिटेट बनत होतं. पुढची तीस वर्षं वुड आणि लार्स युंगडाल त्या मार्गाची एकेक पायरी खणत बसले. एका एन्झाइमात टंगस्टन सापडलं, एकात निकेल, एका वाहकात कोबाल्ट. तुमच्या संगणकाच्या पडद्यावर 'कार्बन मोनॉक्साइड डीहायड्रोजिनेज' असा शब्द उमटतो ना, तो या बाटल्यांतून आला आहे. शब्दकोश आमचा, वाचन तुमचं.

शंकेखोर : शब्दकोश तुमचा, मान्य. पण तो कुणाच्या बोलीवरून केलात? विरिंगांचं कल्चर, म्हणजे वाढवून जपलेला तो जिवाणू, युद्धाच्या धामधुमीत हरवलं. मागे राहिला ग्लुकोज खाणारा. त्यामुळे वायूपासून अ‍ॅसिटेट करण्याचा अख्खा मार्ग ज्याच्यावर शोधला, तो जिवाणू स्वतः निव्वळ वायूंवर जगू शकतो की नाही, हे कुणाला माहीतच नव्हतं. कर्बी आणि झाइकस यांनी त्याला हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइडवर वाढवून दाखवलं ते १९८३ साली. मोजा वर्षं. एक्केचाळीस! एवढा काळ तो जगातल्या उत्तमोत्तम प्रयोगशाळांत होता, त्याच्या एन्झाइमांची चिरफाड चालली होती, आणि त्याचा मूळ धंदा काय हे ठाऊक नव्हतं. कारण बाटलीत त्याला आयतं ग्लुकोज मिळत होतं. जावयाला वर्षानुवर्षं श्रीखंड-पुरी वाढायची आणि त्यावरून लिहायचं की या माणसाचा आहार श्रीखंड-पुरी.

आणि तुमच्या गाळण्या! नमुना ८० अंशांवर दहा मिनिटं तापवायचा, म्हणजे बीजाणू करणारे तेवढे वाचतात, बाकीचे मरतात. मग शोधनिबंधात लिहायचं की अ‍ॅसिटोजेन बहुधा बीजाणू करतात. चाळणीच्या भोकांचा आकार पिठाला चिकटवायचा हा प्रकार. मी डीएनए वाचतो तेव्हा निदान कुणाला भाजत नाही.

नादिष्ट : भाजत नाही, पण पेशी फोडता! असो. तुमचा टोला बसला, कारण तो खरा आहे. फक्त त्याच गोष्टीचा शेवटही सांगा. तो वायूवर जगतो हे ४१ वर्षांनी कळलं ते कशातून? बाटलीतूनच. कुणीतरी ग्लुकोज काढून घेतलं आणि वायू भरला. शुद्ध कल्चरला प्रश्न चुकीचा विचारता येतो, पण मग नवा प्रश्नही विचारता येतो. हार्ड डिस्कवरच्या अक्षरांना उपाशी ठेवून बघता येत नाही.

विरिंगांच्या हरवलेल्या जिवाणूचंही तसंच. बर्कलीला बार्कर यांच्या प्रयोगशाळेत एक नळी पडून होती, मातीत वाळवलेल्या बीजाणूंची, वर १९४७ ची तारीख. तीसेक वर्षांनी गेरहार्ड गॉटशाल्क यांच्या नजरेस ती पडली. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते बीजाणू पुन्हा उगवून आणले आणि १९८१ साली त्याचं सविस्तर वर्णन छापलं. पुण्यात आगरकर संस्थेसारख्या ठिकाणी कल्चरचे संग्रह सांभाळत बसलेली माणसं काय करतात, असा प्रश्न पडला तर ही नळी आठवा.

आता गाळण्यांबद्दल. आम्ही त्या बदलत गेलो. हंगेट यांनी रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातले जिवाणू वाढवण्यासाठी १९५० मध्ये जी पद्धत मांडली, तिच्यात थाळी नाहीच. माध्यम उकळून हवा घालवायची, वरून ऑक्सिजन काढून घेतलेला वायू सोडत राहायचं, कोमट अगार नळीत ओतून नळी आडवी फिरवायची, म्हणजे आतल्या भिंतीवर पातळ थर बसतो. रिसाझुरिन नावाचा रंग टाकलेला असतो. तो गुलाबी दिसला की समजायचं, हवा शिरली, दिवस वाया गेला. मग सत्तरच्या दशकात बाल्च आणि वुल्फ यांनी दाब सोसणाऱ्या बाटल्या आणल्या. त्यांत हायड्रोजन ठासून भरता येऊ लागला आणि १९७७ मध्ये वुड्स होलच्या काळ्या गाळातून अ‍ॅसिटोबॅक्टेरियम वुडाय मिळाला. हा बीजाणू करत नाही. तुमच्या ८० अंशांत तो मेला असता. (नाव हार्लंड वुड यांच्यावरून आहे, वुड्स होलवरून नव्हे. यावर मी पैज जिंकलेली आहे.)

आणि जिवंत बाटलीचं एक सुख तुम्हाला कधी मिळायचं नाही. गणित बघा, चार आणि दोन असे वायूचे सहा रेणू जातात आणि वायू म्हणून काहीच उरत नाही. वाढ झाली की बाटलीत पोकळी होते. बुचातून सुई टोचली की सिरिंजचा दट्ट्या आपोआप आत ओढला जातो. बोटाला ती ओढ जाणवते तेव्हा सूक्ष्मदर्शकाआधीच कळतं, की कुणीतरी जेवलं.

शंकेखोर : कुणीतरी! बरोबर हाच शब्द. कोण जेवलं? तुमच्या लाडक्या बार्कर यांच्याकडेच चला. १९४० मध्ये त्यांनी एक जिवाणू वेगळा केला. पुढे त्याला मिथॅनोबॅसिलस ओमेलियान्स्की म्हणत. तो अल्कोहोल खायचा, अ‍ॅसिटेट करायचा आणि मिथेन सोडायचा. समीकरण सुबक, कार्बनचा ताळा जुळणारा, इलेक्ट्रॉनांचा ताळा जुळणारा. पाव शतक त्यावर काम झालं. १९६७ मध्ये ब्रायंट, दोघे वोलिन आणि वुल्फ यांनी दाखवलं की तो एक जिवाणू नाहीच, दोन आहेत. एक अल्कोहोलचं अ‍ॅसिटेट आणि हायड्रोजन करतो, दुसरा तो हायड्रोजन घेऊन मिथेन करतो. हायड्रोजन साचला तर पहिल्याचं काम अडतं. दुसरा तो संपवत राहतो म्हणून पहिला जगतो. एकमेकांशिवाय दोघांचंही त्या अन्नावर भागत नाही. आता सांगा, ताळा जुळला होता तो कुणाचा? पाव शतक ज्याला 'शुद्ध' म्हटलं तो एक संसार होता. मग तुमच्या शुद्धतेला काय अर्थ? शुद्ध म्हणजे दुसरा अजून दिसलेला नाही, एवढाच ना?

नादिष्ट : हो, एवढाच. शुद्ध कल्चर हा दावा असतो आणि तो मोडेपर्यंतच टिकतो. पण मोडला कुणी? अलग करणाऱ्यांनीच. त्या दोघांना वेगळं काढलं नसतं तर ते दोघे आहेत हेही कळलं नसतं, आणि जिवाणू एकमेकांच्या हातात हायड्रोजन देत जगतात ही कल्पनाच जन्माला आली नसती. आजचं सहजीवनाचं सगळं बोलणं त्या विलगीकरणावर उभं आहे. तुम्ही मला माझ्याच शेतातला ऊस मारता आहात.

(दोघांचंही म्हणणं मला इथे एकदम पटतं, आणि ते गैरसोयीचं आहे. पण इथवर वाद मागच्या शतकाचा होता. खरी अडचण पुढे आहे.)

शंकेखोर : ठीक. मग आजचं बोलू. फॉर्मिलटेट्राहायड्रोफोलेट सिंथेटेज हे त्या मार्गातल्या एका पायरीचं एन्झाइम. त्याचं जनुक शोधण्याचे संच २००१ पासून वापरात आहेत. शेणात, मातीत, आतड्यात कुठेही टाका, अ‍ॅसिटोजेनांची हजेरी घेता येते. ते वाढोत न वाढोत.

नादिष्ट : हजेरीत भलतेच 'हजर' म्हणतात, ही पहिली अडचण. ते जनुक गंधकाच्या संयुगांवर जगणाऱ्यांतही आहे, प्युरिन आंबवणाऱ्यांतही आहे. ते तुम्ही क्रमांची तुलना करून निस्तराल, ते सोडा. दुसरी अडचण निस्तरायची नाही. झिंडर आणि कॉख यांनी १९८४ मध्ये गरम चालणाऱ्या टाकीतली एक जोडी दाखवली. तिच्यात अ‍ॅसिटेट बनत नव्हतं, मोडत होतं. एक जिवाणू अ‍ॅसिटेटचा हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड करत होता आणि शेजारचा मिथेनकर्ता तो हायड्रोजन उचलत होता. १९८८ मध्ये ली आणि झिंडर यांनी तो मोडणारा एकटा वेगळा काढला आणि हायड्रोजनवर वाढवला. तर पठ्ठ्या अ‍ॅसिटेट बनवायला लागला! तोच जिवाणू शेजारी असला की आम्ल खातो, एकटा असला की आम्ल करतो. अशा जिवाणूला 'रिव्हर्सिबॅक्टर' असं टोपणनावही मिळालं. आता तुमच्या पाटीवर काय लिहाल? जनुकं रस्ता सांगतात. त्यावरून गाडी येते आहे की जाते आहे, ते सांगत नाहीत.

शंकेखोर : थांबा, थांबा. तुम्ही काय बोललात ते तुमच्या लक्षात आलंय का? जनुकं दिशा सांगत नाहीत, कबूल. पण तुमची शुद्ध बाटली काय सांगते? एकटा असताना तो आम्ल करतो. टाकीत तो कधी एकटा असतो? म्हणजे बाटली मुकी राहत नाही, ती चक्क उलटं सांगते. माझ्या पाटीवर अर्धवट माहिती आहे, तुमच्या बाटलीत ठाम आणि खोटी. दिशा ठरते ती हायड्रोजन किती आहे यावर, म्हणजे दोघांच्या मधल्या पाण्यात. ती ना जनुकात आहे, ना पेशीत. तुम्ही बाटलीत घालता जिवाणू, आणि ज्याचा अभ्यास करायचा ते नेमकं बाहेर राहतं.

नादिष्ट : ...हे मी असं कधी मांडलं नव्हतं. पण म्हणूनच मला बाटली सोडता येत नाही. 'हायड्रोजन किती' हे वाक्य पुरं व्हायला 'कुणासाठी' हा शब्द लागतो. अ‍ॅसिटोबॅक्टेरियम वुडाय हायड्रोजन ओढत ओढत दशलक्ष भागांत सुमारे पाचशे भागांपर्यंत आणतो आणि थांबतो. त्याखाली त्याला परवडत नाही. मिथेनकर्ते शंभराच्याही खाली नेतात. हा परवडण्याचा उंबरठा प्रत्येकाचा वेगळा काढून मोजावा लागला. मिश्रणात मोजलात तर सर्वांत हावऱ्याचाच आकडा मिळतो. आणि तो उंबरठा का आहे, हे समजायला पेशीच्या आत जावं लागतं. या मार्गात एक एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, खर्च होतं आणि एक परत मिळतं. जमा शून्य. नफा येतो तो पेशीच्या पडद्यावरून सोडियमचे आयन ढकलून. फ्रँकफुर्टला फोल्कर म्युलर यांच्या गटाने तो हिशेब लावला, एका अ‍ॅसिटेटमागे सुमारे ०.३ एटीपी. तीन-साडेतीन वेळा सगळी यातायात करावी तेव्हा पदरात एक एटीपी. जगण्याच्या इतक्या कडेवर उभा असलेला जीव हायड्रोजन थोडा कमी झाला तर कोसळेल किंवा पाठ फिरवेल, यात नवल काय? हे ०.३ तुमच्या गाळातल्या डीएनएतून निघालं असतं का?

शंकेखोर : नसतं निघालं. पण आता तुमचेच आकडे घेऊन वाळवीकडे चला. मिथेनकर्ता हायड्रोजन जास्त खाली ओढतो, त्याला प्रत्येक हायड्रोजनमागे ऊर्जाही जास्त मिळते. म्हणजे दोघे एका ताटात बसले की अ‍ॅसिटोजेन उपाशी. गाईच्या पोटात बऱ्याच अंशी तसंच होतं. गाय ढेकरेतून मिथेन सोडते, आणि तिथे मिथेनकर्त्यांच्या जागी अ‍ॅसिटोजेन बसवायचं स्वप्न कित्येक वर्षं कागदावरच आहे. पण लाकूड खाणाऱ्या वाळवीत बाजू उलटी. ब्रेझ्नाक यांनी दाखवलं की तिच्या आतड्यात हायड्रोजन मुख्यतः अ‍ॅसिटेटकडे जातो, आणि वाळवीच्या श्वसनाला लागणाऱ्या इंधनाचा एक-तृतीयांशपर्यंत भाग त्यातून भागतो. बाटलीतल्या आकड्यांवरून तुम्ही हे वर्तवू शकला असता? नाही. कारण उत्तर आतड्याच्या रचनेत आहे. कोण मध्ये बसलाय, कोण भिंतीला चिकटलाय, हायड्रोजन कुठे भरभरून निघतो, ऑक्सिजन काठाने किती झिरपतो. नळीत फिरवून भिंतीवर थापलेल्या अगारला आतडं नसतं.

नादिष्ट : आणि त्या आतड्यात ते काम करतं कोण, हा प्रश्न? वाळवीच्या आतड्यातले वळवळणारे मळसूत्री स्पायरोकीट लोक शंभराहून अधिक वर्षं बघत होते. गर्दी त्यांचीच. पण त्या गर्दीला काय धंदा आहे, माहीत नाही. स्पायरोकीट म्हटले की उपदंश आठवायचा, अ‍ॅसिटेटशी त्यांचा संबंध कुणी लावेल कशाला? १९९९ मध्ये लेडबेटर, ब्रेझ्नाक आणि सहकाऱ्यांनी ते अखेर शुद्ध वाढवले, तर ते हायड्रोजनवर अ‍ॅसिटेट करत होते. तुमच्या पाट्यांवर तोवर त्यांचं नाव होतं, पण व्यवसायाची ओळ कोरी होती.

शंकेखोर : त्या वेळी कोरी होती. आज मी जनुकांवरून अंदाज तरी केला असता. आणि अंदाजच म्हणतोय, दावा नव्हे. तुम्हाला एक सरळ विचारतो, राग मानू नका. हे सगळं हवं कुणाला आहे? सशाच्या लेंडीतून निघालेला क्लॉस्ट्रिडियम ऑटोइथॅनोजेनम आज पोलाद कारखान्याच्या धुराड्यातला कार्बन मोनॉक्साइड खाऊन इथेनॉल करतो, चीनमध्ये २०१८ पासून व्यापारी पातळीवर. तिथे तुमची शुद्ध बाटली शंभर टक्के बरोबर, कारण तो कारखानाच एक मोठी शुद्ध बाटली आहे. पण गोबर गॅसवाल्याला? पुण्यात आनंद कर्वे यांनी शेणाऐवजी पीठ, खरकटं घालून चालणारा लहान गॅस संच घरोघरी नेला. तो चालवणाऱ्या बाईला वुड-युंगडाल माहीत नव्हते. तिला एवढंच माहीत होतं, की एकदम जास्त घातलं की संच आंबतो.

नादिष्ट : आंबतो म्हणजे काय होतं? टाकीतल्या मिथेनचा सुमारे दोन-तृतीयांश भाग अ‍ॅसिटेटच्या वाटेने येतो. आम्ल करणारे धावतात आणि आम्ल खाणारे मागे पडतात, तेव्हा संच आंबतो. त्या गडबडीत माझे जिवाणू कोणत्या बाजूला असतात, तेच मला जाणून घ्यायचंय. हायड्रोजन साचला की ते तो उचलून आणखी आम्ल करतात, म्हणजे आगीत तेल? की हायड्रोजन उचलून इतरांना मोकळं करतात, म्हणजे मदत? आणि तुमच्याच म्हणण्याप्रमाणे नीट चालणाऱ्या टाकीत हायड्रोजन इतका कमी असतो, की त्यावर त्यांनी जगूच नये. तरी ते तिथे सापडतात! कदाचित तिथे ते हायड्रोजनला हातच लावत नसतील. साखर खात असतील, मिथेनॉल खात असतील, लाकडाच्या लिग्निनमधले मिथॉक्सी गट तोडून खात असतील. वुडायला हे सगळं जमतं, हे शुद्ध कल्चरवरून माहीत आहे.

शंकेखोर : जमतं हे माहीत आहे. करतो का, हे माहीत नाही. आपलं भांडण या दोन क्रियापदांमध्ये अडकलंय.

नादिष्ट : अडकलंय खरं. परवा एका गोठ्यावरच्या टाकीतून बाटलीभर स्लरी आणली आहे, बूच लावलेली. मी तिच्यात मिथेनकर्त्यांना रोखणारं ब्रोमोइथेनसल्फोनेट घालून वर हायड्रोजन भरणार होते.

शंकेखोर : म्हणजे आधी अर्ध्या गावाला कोंडायचं आणि मग उरलेल्यांना मेजवानी द्यायची. त्यातून जो वर येईल तो 'या टाकीतला अ‍ॅसिटोजेन'. नका करू. आधी काहीही न घालता, आहे त्या स्थितीत तिच्यातला हायड्रोजन मोजा. मग थोडं खूण केलेलं अ‍ॅसिटेट सोडा आणि खूण कुणाच्या डीएनएत जाते ते बघू. ते मी वाचतो.

नादिष्ट : हायड्रोजनचा आकडा आला तर तो कुणाच्या उंबरठ्याशी ताडून बघणार? त्या टाकीतल्या अ‍ॅसिटोजेनचा उंबरठा आपल्याकडे नाही. तो काढायला तो जिवाणू वेगळा हवा. आणि खूण केलेलं अ‍ॅसिटेट सोडलंत की तुम्हीही खाऊ घातलंच ना?

शंकेखोर : घातलं. पण थोडं. आणि उंबरठा तुम्ही काढाल तो पोट भरलेल्या, एकट्या जिवाणूचा. मला हवाय तो उपाशी आणि गर्दीतल्याचा.

नादिष्ट : तो मोजायची रीत आज ना तुमच्याकडे आहे, ना माझ्याकडे.

शंकेखोर : मग बाटली निम्मी-निम्मी करू. निम्मी तुमची, निम्मी माझी.

नादिष्ट : निम्मी करायला बूच काढावं लागेल. हवा जाईल ना आत.